प्रयोग तर आधीच सुरू आहे

'आमच्या माणसांवर प्रयोग करू नका.' दिघोरीत, लाखांदुरात, साकोलीच्या बाजारात, कुठेही वैद्यकीय संशोधनाचा विषय काढा, हे वाक्य लगेच कानावर येते. ते म्हणणारी माणसे वाईट नसतात. बहुतेकदा गावात सर्वांत जास्त धावपळ करणारी तीच असतात. रात्री-अपरात्री गाडी करून रुग्णाला भंडाऱ्याला नेणारी, जनआरोग्य योजनेची कागदपत्रे जुळवून देणारी, नागपूरच्या दवाखान्याबाहेर सतरंजीवर झोपलेली. म्हणूनच त्यांना उत्तर द्यायला हवे आणि ते पुरते द्यायला हवे. त्यांचे म्हणणे असे: पायाच्या शिरांचे उपचार काय, हृदयाची शस्त्रक्रिया काय, त्यावरचे संशोधन हे मोठ्या शहरांतल्या मोठ्या दवाखान्यांचे काम. धान पिकवणारा शेतकरी आणि मजुरीला जाणारी बाई यांना त्यात ओढणे म्हणजे त्यांच्या गरजेचा फायदा घेणे. त्यांना संशोधन नको, उपचार द्या.

मला हे मान्य नाही. उपचार म्हणून आज जे दिले जाते, त्यातले बरेचसे दिघोरीसारख्या गावातल्या माणसाच्या अंगावर, त्याच्या कामात आणि त्याच्या हवेत तपासून घेतलेले नाही. ते चालेल असे आपण धरून चालतो. म्हणजे प्रयोग सुरूच आहे. फरक इतकाच की त्याची नोंद कोणी ठेवत नाही, आणि तो फसला तर जबाबदार कोणी नाही.

दिघोरी मोठी हे भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यातले, साकोली-लाखांदूर रस्त्यावरचे गाव. आजूबाजूला बांध्या, तळी, बोड्या. पावसाने धीर दिला की जुलै-ऑगस्टात रोवणी लागते आणि बाया सकाळपासून चिखलात उभ्या असतात. कमरेत वाकलेल्या, पाय पोटरीपर्यंत गाळात. एका हातात पऱ्ह्यांची पेंडी, दुसऱ्या हाताने रोवत मागे मागे सरकायचे. अशाच एका बाईचा पाय मी धुऱ्यावर बसून जवळून पाहिला आहे. घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी काळपट तपकिरी, ताठर झालेली. वर पोटरीवर शिरांची गाठीगाठींची वळणे. घोट्याच्या जरा वर रुपयापेक्षा मोठी जखम, कडा चिघळलेल्या, त्यावर हळद आणि वरून जुन्या लुगड्याची पट्टी. जखम किती दिवसांची, तर मागच्या रोवणीच्याही आधीची. दवाखान्यात का गेली नाही म्हणून विचारले तर म्हणाली, 'रोवना सोडून कसी जाऊ जी?' आणि हा आजार काय आहे म्हणून विचारले तर तिच्याकडे उत्तर तयार होते: हत्तीपाय.

पूर्व विदर्भ हा हत्तीरोगाचा जुना पट्टा. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, वर्धा, सगळीकडे गोळ्यांच्या मोहिमा वर्षानुवर्षे चालल्या आहेत आणि त्या चालायलाच हव्यात. पण त्याचा एक परिणाम असा झाला की सुजलेला पाय दिसला की निदान आधीच ठरलेले असते. या बाईने दरवर्षी त्या गोळ्या इमानाने घेतल्या होत्या. शिरांमधला रक्तप्रवाह दाखवणारी डॉपलर तपासणी मात्र तिच्या पायाची कधी झाली नव्हती. पायाच्या शिरांमध्ये ठरावीक अंतरावर झडपा असतात. त्या रक्ताला वर जाऊ देतात, खाली येऊ देत नाहीत. माणूस स्तब्ध उभा असला की घोट्यापाशी शिरेतला दाब पाऱ्याच्या 80 ते 90 मिलिमीटरपर्यंत असतो. चालायला लागले की पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात आणि तो दाब 30 च्या खाली येतो. झडपा निकामी झाल्या की चालूनही दाब उतरत नाही. मग कातडीत रक्त झिरपते, ती काळी पडते, शेवटी फाटते. त्यावर कितीही मलम लावा, शिरेतला दाब उतरल्याशिवाय जखम भरत नाही.

यावर उत्तम संशोधन झालेले आहे. 2004 साली ब्रिटनमधल्या 500 रुग्णांच्या एश्चार अभ्यासात काहींच्या पायाला नुसती घट्ट दाबपट्टी बांधली, काहींवर तिच्या जोडीला शिरेची शस्त्रक्रियाही केली. जखम भरण्याचा वेग वाढला नाही, पण वर्षभरात जखम पुन्हा होण्याचे प्रमाण 28 टक्क्यांवरून 12 वर आले. 2018 च्या एव्हरा अभ्यासात, तोही ब्रिटनमधलाच, 450 रुग्ण होते. जखम भरायची वाट न पाहता निकामी शीर लवकर बंद केली तर निम्म्या रुग्णांची जखम 56 दिवसांत भरली, वाट पाहिलेल्यांत 82 दिवसांत. कोणी म्हणेल, झाले की मग, उत्तर मिळाले, आता दिघोरीत संशोधन कशाला? कारण या दोन्ही अभ्यासांत दाबपट्टी सगळ्यांच्याच पायाला होती. तिच्या जोरावर बाकीचे उभे होते. ती पट्टी ब्रिटनच्या थंड हवेत, शिकलेल्या नर्सने आठवड्याला बांधून दिलेली. जुलैत पोटरीभर चिखलात उभ्या असलेल्या बाईने ती पट्टी किती तास बांधावी? ओली झाली तर जखमेचे काय होते? बांधीत उतरताना काढून ठेवली आणि रात्री बांधली तर थोडा तरी फायदा होतो का? रोवणीच्या आधी शीर बंद करावी की कापणीनंतर? एव्हराच्या कागदांत हे प्रश्नच नव्हते, आणि त्यांच्यासाठी ते असायची गरजही नव्हती. ते प्रश्न आपले आहेत, तेव्हा उत्तरही आपल्यालाच शोधावे लागेल. धमनीचा रक्तपुरवठा न तपासता घट्ट पट्टी बांधली तर पाय जाऊ शकतो. पण पट्टी घ्या आणि बांधा असे सांगून बाईला घरी पाठवले जातेच. हा प्रयोग नाही तर काय आहे?

आता हृदयाकडे. अनुभवी डॉक्टर सांगतो ते पुरेसे, अभ्यास कशाला, असे ज्यांना वाटते त्यांनी हृदयशस्त्रक्रियेचा इतिहास पाहावा. 1950 च्या दशकात छातीतल्या कळा थांबवण्यासाठी छातीच्या हाडामागच्या धमन्या बांधून टाकायची शस्त्रक्रिया जोरात होती. रुग्ण बरे वाटते म्हणत, डॉक्टर समाधानी. 1959 साली अमेरिकेत कॉब आणि सहकाऱ्यांनी 17 रुग्णांवर साधी गोष्ट केली. कातडीवर छेद सगळ्यांना दिला, धमनी मात्र काहींचीच बांधली. कोणाचे काय झाले हे रुग्णाला ठाऊक नव्हते. दोन्ही गटांना सारखेच बरे वाटले. ती शस्त्रक्रिया तिथेच संपली.

आपल्या मुंबईची गोष्ट याहून बोलकी आहे. केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन हे असामान्य शल्यविशारद होते. 1968 साली देशातले पहिले हृदयरोपण त्यांनी केले. त्याआधी 1965 साली सेन, उदवाडिया, किणारे आणि परुळकर यांनी एक विचार मांडला. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाला रक्त आतल्या पोकळीतून थेट मिळते. मग माणसाच्या हृदयाच्या स्नायूला बारीक छिद्रे पाडली तर आतले रक्त थेट स्नायूत का जाऊ नये? विचार सुंदर होता, आणि तो प्राण्यांवर करून पाहिला गेला. पुढे जगभर हीच छिद्रे लेसरने पाडली जाऊ लागली आणि रुग्ण म्हणू लागले, कळा कमी झाल्या. मग 2005 साली 298 रुग्णांचा डायरेक्ट नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नळीतून लेसर सोडला, काहींना कमी, काहींना जास्त, आणि काहींना फक्त सोडल्यासारखे केले. सहा महिन्यांनी तिन्ही गटांत फरक नाही. ज्यांना काहीच केले नव्हते त्यांच्याही कळा कमी झाल्या होत्या. सेन यांचा मोठेपणा यामुळे कमी होत नाही. त्यांच्याइतक्या बुद्धीच्या माणसांचा तर्कही रुग्णांवर मोजून पाहिल्याशिवाय खरा-खोटा ठरत नाही, एवढे मात्र यातून ठरते. स्टिरॉइडचेही तेच. हृदय-फुप्फुस यंत्रावर घेतलेल्या रुग्णाच्या शरीरात दाह होतो, म्हणून स्टिरॉइड देण्याची रीत वर्षानुवर्षे चालली. 2015 च्या सर्स अभ्यासात 7,507 रुग्ण घेतले तेव्हा कळले की मृत्यू कमी होत नाहीत, उलट हृदयाच्या स्नायूला इजा होण्याचे प्रमाण वाढते.

पण माझ्या वादाचा खरा आधार दुसऱ्या अभ्यासात आहे, आणि त्याचा दिघोरीशी थेट संबंध आहे. लहानपणी घसा दुखून येणाऱ्या संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा खराब होणे हा आपल्याकडचा गरिबांचा आजार, आणि त्यात बायका जास्त. झडप आकसली, ठोके अनियमित झाले की हृदयात गुठळी धरते आणि ती मेंदूत गेली तर अर्धांगवायू. म्हणून रक्त पातळ करणारी जुनी गोळी आयुष्यभर. त्या गोळीसोबत रक्त किती पातळ झाले हे पाहणारी आयएनआरची तपासणी वारंवार करावी लागते. शंभर किलोमीटरच्या पुढे नागपूर, मजुरी बुडते, गाडीभाडे वेगळे. त्यामुळे नव्या गोळ्या आल्या, ज्यांना तपासणी लागत नाही, तेव्हा सगळ्यांनाच वाटले की खेड्यातल्या रुग्णाची सुटका झाली. मलाही त्या तर्कात काही खोट दिसली नसती. अडचण एवढीच होती की 2009 ते 2011 दरम्यान या गोळ्यांचे जे मोठे अभ्यास झाले, त्यांत झडप आकसलेले रुग्ण वगळलेले होते. श्रीमंत देशांत तो आजार जवळपास उरलेला नाही. त्यामुळे आपल्या बाईबद्दल त्या अभ्यासांत काहीच नव्हते. तिला ती गोळी द्यायची की नाही, हा अंदाजाचा कारभार होता.

मग आफ्रिका, आशिया आणि दक्षिण अमेरिकेतल्या 24 देशांनी मिळून इन्व्हिक्टस अभ्यास केला. भारतातले दवाखाने त्यात होते. साडेचार हजारांवर रुग्ण, सरासरी वय पन्नाशीचे, दर चौघांत जवळजवळ तीन बायका. 2022 साली निकाल आला. नव्या गोळीच्या गटात 552 मृत्यू, जुन्या गोळीच्या गटात 442. सोयीची वाटणारी गोळी जीव जास्त घेत होती. पुन्हा एकदा वाचा: हे रुग्ण अभ्यासाबाहेर राहिले तोपर्यंत ही गोष्ट जगात कोणालाही ठाऊक नव्हती. ते अभ्यासात आले, प्रश्न त्यांच्याबद्दल विचारला गेला, म्हणून कळली. 'आमच्या माणसांना यातून लांब ठेवा' असे जे म्हणतात, त्यांनी या 110 जादा मृत्यूंचा हिशेब करावा. अभ्यास झाला नसता तर असे मृत्यू थांबले नसते. ते गावोगाव, एकेकटे, घराघरांत झाले असते आणि 'देवाची मर्जी' म्हणून विसरले गेले असते.

यावर एक उत्तर येते आणि ते मी हलके मानत नाही. गरिबांना फसवून चाचण्या झालेल्याच नाहीत का? झाल्या आहेत. 2009 मध्ये खम्मम आणि वडोदरा इथे मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला. काही ठिकाणी पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी संमतीपत्रांवर सह्या केल्याचे उघड झाले. संसदेच्या स्थायी समितीने 2013 मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने चाचण्यांच्या देखरेखीवरून सरकारला खडसावले. हा राग खरा आहे आणि तो टिकायला हवा. पण त्या रागातूनच नियम आले. भारतात चाचणीची आधी नोंदणी 2009 पासून सक्तीची आहे. 2019 च्या नियमांनी नीती समितीची नोंदणी, इजा झाल्यास उपचार आणि भरपाई हे बांधून दिले. दुर्बल घटकांतल्या व्यक्तीवर नव्या औषधाची चाचणी असेल तर संमतीचे चित्रीकरण करावे लागते. फसवणूक संमतीच्या नावाखाली झाली असेल तर संमती कडक करा, ती झाडीबोलीत समजावून घ्या, गावातल्या माणसाला नीती समितीवर बसवा. जो दवाखाना हे करणार नाही त्याला गावात पाऊल ठेवू देऊ नका, मी तुमच्यासोबत उभा राहीन. पण चोरी झाली म्हणून बाजारच बंद करा, हे मला पटत नाही. बाजार बंद झाला की उपाशी कोण राहते, हे आपल्याला माहीत आहे.

आणि खेड्यात, गरिबांसोबत, त्यांच्या भल्याचे संशोधन होऊ शकत नाही, असे लाखांदूर तालुक्यात बसून तर कोणी म्हणूच नये. तालुक्याची हद्द ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. तिथे 1989 साली डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या 650 बायकांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यातल्या 92 टक्के बायकांना स्त्रीरोग होते. तोवर त्यांना कोणी विचारलेच नव्हते. 1999 साली तिथलाच दुसरा अभ्यास आला. 39 गावांत गावच्याच बाईने घरोघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेतली, 47 गावांशी तुलना केली, आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. आज दिघोरीतली आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरल्या दिवशी जाते, बाळाचे वजन करते, ती याच अभ्यासातून निघालेली पद्धत. ती कोणत्या महानगरातून आली नाही. शेजारच्या जिल्ह्यातून आली.

शिरा आणि हृदय हे दोन विषय एकत्र का घेतो, असे कोणी विचारेल. कारण शरीराने ते आधीच एकत्र आणले आहेत. बायपासमध्ये हृदयावर जोडायची नळी बहुधा पायातलीच लांब शीर असते. 1967 पासून, फावालोरोंनी ती पद्धत रूढ केल्यापासून, जगभर हेच चालू आहे. ज्याच्या पायाच्या शिरा फुगून वेड्यावाकड्या झाल्या आहेत, त्याची शीर हृदयाच्या कामाची राहत नाही. आणि ज्याची शीर काढली, त्याला मांडीपासून घोट्यापर्यंत जखम. ही शीर अधिक काळ टिकावी म्हणून स्वीडनच्या सूझा यांनी ती भोवतालच्या चरबीसकट उचलण्याची पद्धत आणली. 2021 मध्ये चीनच्या सात दवाखान्यांतल्या 2,655 रुग्णांत तिचा फायदा दिसला: वर्षभरात कमी शिरा बंद पडल्या. 2024 मध्ये स्वीडनच्याच पुढाकाराने 902 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात तो फायदा सिद्ध झाला नाही. पायाच्या जखमेचा त्रास मात्र दोन्हीकडे वाढला. उलट, दुर्बिणीने बारीक छेदातून शीर काढली तर जखमेत जंतुसंसर्ग कमी होतो, असे 2019 च्या अमेरिकी अभ्यासात दिसले. पण तो माजी सैनिकांच्या दवाखान्यांत झाला आणि त्यातले जवळजवळ सगळे रुग्ण पुरुष.

आता सांगा, दिघोरीच्या शेतमजुराने यातले काय निवडावे? हृदयाची नळी दोन वर्षे जास्त टिकणे, की पुढच्या पावसाळ्यात पाय चिखलात उतरवता येणे? मोठ्या अभ्यासांत यशाचे माप ठरलेले असते: मृत्यू, झटका, नळी चालू की बंद. बांधीत उभे राहता आले का, मजुरीवर परत कधी गेला, कर्ज किती झाले, हे त्यांत मोजलेले नसते. जनआरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंतची शस्त्रक्रिया मोफत होते, ही मोठीच गोष्ट आहे. पण ती शस्त्रक्रिया यशस्वी झाली असे सरकारी कागदावर लिहिले जाते तेव्हा रुग्ण अजून नागपुरातच असतो. त्याच्या पायाचे पुढे काय झाले हे विचारायला कोणी दिघोरीला येत नाही.

आणखी एक गोष्ट, खास आपल्या मातीची. सिकलसेल. 1958 सालीच नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातला हा दोष लॅन्सेटमध्ये मांडला होता. हृदय-फुप्फुस यंत्रावर शरीर थंड करतात. थंडी, प्राणवायूची कमतरता आणि रक्तातले आम्ल यांनी सिकलसेलच्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि रक्तवाहिन्या तुंबवतात. म्हणून अशा रुग्णाची शस्त्रक्रिया वेगळ्या तयारीने करावी लागते. सिकलसेलच्या काही रुग्णांना घोट्यावर जखमाही होतात आणि त्या शिरेच्या जखमेसारख्याच दिसतात. लंडनच्या किंवा स्टॉकहोमच्या अभ्यासगटात आपल्याइतके असे रुग्ण कुठून येणार? हे ज्ञान विदर्भातच तयार होऊ शकते, आणि विदर्भालाच त्याची सर्वांत जास्त गरज आहे.

राहता राहिला शेवटचा आक्षेप: आरोग्य केंद्रात औषधे नसतात, डॉक्टर टिकत नाही, आणि तुम्ही संशोधन काय सांगता? डॉक्टर हवाच. औषधे हवीतच. त्यासाठी भांडायला मी पुढे आहे. पण हे एक झाल्यावर दुसरे, असे नाही. पट्टी कोणती, किती तास, कोणाच्या हातून, हे कळले तर आहे त्या आशाताई आणि नर्सबाईंच्या हातूनच अर्धे काम होईल. ते न कळता डॉक्टर आला तरी तोही अंदाजच सांगेल. आणि औषध कंपनी हा अभ्यास करणार नाही, कारण दाबपट्टीत तिला कमाई नाही. तो सरकारी पैशातूनच व्हायला हवा.

त्यासाठी नवी संस्था उभारायची गरज नाही. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत आणि सेवाग्रामला पदव्युत्तर शिकणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला प्रबंध लिहावाच लागतो. त्यातला एक शल्यविभागाचा प्रबंध लाखांदूर तालुक्यातल्या घोट्यावरच्या जखमांचा असावा: डॉपलर करून किती हत्तीरोगाच्या, किती शिरेच्या, किती सिकलसेलच्या. दुसरा, रोवणीच्या महिन्यात दाबपट्टीचे काय होते याचा. तिसरा, बायपास झालेल्या शेतमजुरांचा पाय वर्षभरानंतर कसा आहे याचा. विद्यार्थ्याने गावात येऊन राहावे, ग्रामसभेत आधी सांगावे काय करणार, आणि नंतर त्याच ग्रामसभेत येऊन सांगावे काय सापडले. विषयांची यादी ठरते तेव्हा हे तीन विषय घेऊन विभागप्रमुखांकडे जायला, आणि 'आमच्या माणसांवर प्रयोग करू नका' म्हणणाऱ्यांनी सोबत यावे म्हणून त्यांच्या दारात जायला, मी तयार आहे.